राखणीला दिलेलं शेत

लातुरात ट्यूशनच्या भागात जेवणाचे डबे देणारी बाई गल्लीगणिक एक सापडेल. शरणम्मा त्यांच्यातलीच. पण तिच्याकडची पाचसहा पोरं डबा खोलीवर न नेता तिच्याच स्वयंपाकघरात, फरशीवर मांडी घालून जेवायची. वरणात हिंग सढळ असायचा, हे एक कारण. दुसरं असं की, पोरं जेवत असताना टेस्टला किती पडले हे ती कधीच विचारत नसे.

ती किल्लारीकडच्या एका खेड्याची सून. भूकंप झाला तेव्हा वीस वर्षांची होती. उडदाची रास राखायला ती आणि तिचा नवरा मलप्पा त्या रात्री खळ्यावर निजले होते, म्हणून वाचले. सासू, धाकटा दीर आणि घर गेलं. पुढं पत्र्याच्या शेडात दिवस काढले, मग सरळ रांगेतल्या नव्या घरांचं गाव मिळालं, आणि मग लातूर. पोरांनी खोदून विचारलं तर ती एवढंच सांगायची, "मंग आमी हिकडं आलो. भात घालू का अजून?"

याला पंचवीस वर्षं उलटली होती, तेव्हा नांदेडची मनस्विनी तिच्याकडे जेवायला येऊ लागली. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तिची दुसरी खेप. अंगानं काडी, बोलायला कमी, आणि जेवताना डाव्या हातात फोन. फोनवर ती शेती करायची.

"हे काय करायलीस पोरी?" शरणम्मानं एकदा वाकून पाहिलं.

"खेळ आहे, मावशी. हे माझं शेत. आजोबा मरताना पत्र लिहून ठेवतात, सगळं शेत नातीला म्हणून. तिथून गोष्ट सुरू होते."

"सगळं? अन् चुलते गप बसले?"

"चुलते नाहीतच या गावात."

"चुलत्याबिगर गाव? मंग भांडतंय कोण?"

मनस्विनी हसली. ती हसते हे शरणम्माला त्या दिवशी कळलं. पोरगी दोन घास जास्त खाते हेही दिसलं, म्हणून ती रोजच त्या शेताची चौकशी करू लागली. मनस्विनीनं तिच्यासाठी खेळ हिंदीत लावला. शरणम्मा सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर जुळवून वाचायची.

त्या गावाची तऱ्हाच न्यारी होती. कुणाच्याही घरात चपला न काढता शिरा, कुणी हटकत नाही. मोसम अठ्ठावीस दिवसांचा, आणि एकोणतिसाव्या सकाळी उभं पीक एकदम वाळून जातं. माणसांना आवडती वस्तू नेऊन दिली की त्यांच्या नावापुढं एकेक लाल बदाम भरतो. एरवी तेच तेच बोलतात. लोहार रोज म्हणायचा, आज भट्टी चांगली पेटली आहे. शरणम्माला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलप्पाही गेली कित्येक वर्षं बाहेरून आला की "ऊन लई हाय" एवढंच म्हणत होता, अगदी पावसाळ्यातसुद्धा.

"सुताराला सांगितलं की तीन दिवसांत गोठा बांधून मिळतो," मनस्विनी म्हणाली.

"तीन दिवसांत?" शरणम्माचा लाटणं धरलेला हात थांबला. "आमाला घर मिळायला चार वर्सं लागली." आणि पुन्हा पोळी लाटू लागली.

त्या गावात एक पुस्तकांचं दुकान होतं. दुकानदार मुलगा जरा लाजरा. मनस्विनी त्याला दोन दिवसांआड पेरू द्यायची. आठ बदाम भरले होते, दोन राहिले होते.

फेब्रुवारीत मनस्विनीची आई नांदेडहून आली. प्रमोदिनीताई एम.ए. झालेल्या, घरी शिकवण्या घ्यायच्या. लेकीचे मार्क सलग तीन टेस्टांत घसरले होते. फोन घरी न्यावा तर ट्यूशनचे निरोप त्याच्यावरच येत. मग त्यांनी लेकीला त्याचं कुलूप काढायला लावलं आणि फोन शरणम्माच्या हातात दिला.

"परीक्षेपर्यंत तुमच्याकडे राहू द्या. निरोप आला की तिला सांगा. बाकी काही दाखवू नका, शरणम्माबाई. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

आई पायऱ्या उतरेपर्यंत मनस्विनी मागे रेंगाळली. "मावशी, माझ्या शेताला हात लावू नका हं. आपण उघडलं नाही तर तिथं दिवस पुढं सरकतच नाही. आहे तसं राहतं. मी आले की पुढचं बघीन."

"न्हाई लावत, बाई," शरणम्मा म्हणाली, आणि फोन डब्यांच्या फडताळात ठेवला.

आठ दिवस तिनं शब्द पाळला. पण फडताळाकडं नजर गेली की तिला टोचणी लागायची. गव्हाच्या दोन ओळी, मिरच्या, एक कोवळी वेल... पाणी नाही. माणूस नाही म्हणून दिवस थांबतो, हे तिच्या गळीच उतरेना. तिचं अख्खं गाव रिकामं झालं होतं, तेव्हाही ज्वारी वाढतच होती.

नवव्या दिवशी, दुपारचे डबे गेल्यावर, तिनं फोन उघडला. पीक हिरवंगार होतं. पोरगी खरं बोलली होती. तरी उघडलंच आहे तर पाणी घालावं म्हणून घातलं, आणि खेळात मनस्विनीच्या वतीनं शेत कसणाऱ्या मुलीला घरात नेऊन झोपवलं. तशी लगेच दुसरी सकाळ उजाडली, आणि माती पुन्हा कोरडी! आता दिवस तिनंच पुढं ढकलला होता. मग आजचं पाणी कुणी घालायचं?

तिथून सुटका नव्हती. रोज तीन ते साडेचार शरणम्मा शेतात. नुसतं शेत पाहून निघून येणं बरं दिसत नाही, म्हणून गावात एक फेरी. म्हातारीला दूध, लोहाराला मक्याचं कणीस. दवाखान्यापुढं उभ्या असलेल्या डॉक्टरला रोज काहीतरी भाजी. पुस्तकवाल्याला मात्र ती काही देत नसे. ते पोरीचं काम, त्यात आपण कशाला पडा.

आणि नांदेडहून रोज फोन.

"जेवली का ती?"

"जेवली, ताई."

"किती पोळ्या?"

"तीन."

"खरंच तीन, की मला बरं वाटावं म्हणून?"

"अडीच. अर्धी मांजरीला टाकली."

लेक लांब असली की आईच्या हातात पोळ्या मोजण्यापलीकडं काय उरतं?

एप्रिलच्या सुरुवातीची गोष्ट. खेळातली सकाळ उजाडली ती काळ्या पाटीवरच्या एका ओळीनं. शरणम्मानं अक्षर जुळवून वाचलं. काल रात्री जमीन हादरली.

ती तशीच उठून उभी राहिली. मग बसली आणि फोनमधल्या मुलीला धावतच गावात नेलं. पहिलं म्हातारीचं घर. म्हातारी चुलीपाशी होती. सुताराचं घर, कोळ्याची झोपडी, शाळा, शाळेतली दोन पोरं. एकूण एक दार उघडून पाहिलं. सगळे होते. भिंतीला एक चीर नव्हती. उत्तरेकडचा मोठा धोंडा तेवढा सरकला होता आणि डोंगरातल्या गरम पाण्याच्या कुंडाकडं जायची वाट मोकळी झाली होती. खेळ करणाऱ्यांना वाट उघडायची होती, म्हणून त्यांनी भूकंप केला होता.

लोहार म्हणाला, आज भट्टी चांगली पेटली आहे.

शरणम्माला रडू आलं नाही, राग आला. एवढं झालं आणि कुणी कुणाला विचारीना?

डॉक्टर आपल्या जागी उभा होता. त्याला पाहून तिला शेडातला तो तरुण डॉक्टर आठवला. कुठून आला होता कोण जाणे. अकरा दिवस त्यानं माणसांना बांधलं, शिवलं, तिच्या पायातली काच काढली, आणि बाराव्या दिवशी निघून गेला. त्याला कुणी साधा नारळसुद्धा दिला नव्हता. द्यायच्या मनःस्थितीत होतंच कोण? लातुरात कोपऱ्याकोपऱ्यावर सत्कार होतात. पहिल्या आलेल्या पोराला गुच्छ, त्याच्या बापाला गुच्छ, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याला तर गुच्छ ठरलेला. शरणम्मानं खेळातल्या मुलीची पेटी उघडली. तळाशी फुलांचा एक सुरेख गुच्छ होता, मनस्विनीनं कधीतरी घेऊन ठेवलेला. तिनं तो डॉक्टरला दिला.

वाजंत्री वाजू लागली. पडदाभर बदाम उडाले. इतके दिवस चार शब्दांपुढं न गेलेला डॉक्टर एकदम पानभर बोलला. तिनं ते अक्षर जुळवून दोनदा वाचलं. तो म्हणत होता की तुमच्या मनातलं मला केव्हाच कळलं होतं, आणि लग्न तिसऱ्या दिवशी. त्या गावात गुच्छ देणं म्हणजे लग्नाची मागणी घालणं, आणि तो गुच्छ पुस्तकवाल्यासाठी जपलेला होता.

त्या क्षणी तिनं फोन तसाच बंद केला असता तर तो दिवस पुसला गेला असता. त्या खेळात मुलगी झोपली तरच दिवस नोंदला जातो. पण शरणम्माला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या लेकीला अंधारात रस्त्यावर उभी कशी सोडायची? तिनं तिला घरी नेलं आणि नीट अंथरुणात झोपवलं.

तीन दिवसांनी लग्न झालं. डॉक्टर आपली पेटी घेऊन घरात राहायला आला.

"सांगू का तिला?" तिनं मलप्पाला विचारलं.

"परीक्षा होऊ दे," मलप्पा म्हणाला. उन्हापलीकडचं तो काही बोलला, यावरूनच प्रकरण किती अवघड आहे ते तिला समजलं.

दिलेली वस्तू होती तशी परत करायची, एवढी एक गोष्ट शरणम्मानं जन्मभर सांभाळली होती. आता वरण खारट होऊ लागलं. मनस्विनी ताटावर बसली की ती पाठ फिरवून पोळ्या भाजायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलीनं विचारलंच, "मावशी, माझं शेत आहे ना नीट?"

"हाय तसं हाय," शरणम्मा म्हणाली. तिला त्या दिवशी अन्न गेलं नाही.

पेपर झाल्याच्या दुसऱ्या सकाळी मायलेकी सामान आवरून निरोप घ्यायला आल्या. पुढच्या वर्षीच्या पोरांचे वर्ग सुरू झाले होते, तीस डबे ओट्यावर उघडे होते. शरणम्मानं हात पुसले, फोन आणला आणि दोघींच्या समोर सगळं सांगून टाकलं. "तू नको म्हणलीस तरी मी हात लावला. अन् परवा खोटंबी बोलले. मला बोल काय बोलायचं ते."

मनस्विनीनं फोन उघडला. बराच वेळ तिचं बोट नुसतं सरकत राहिलं.

"डॉक्टरशी?" ती म्हणाली. "मावशी, डॉक्टरशी?"

"डॉक्टर ना?" प्रमोदिनीताईंच्या तोंडून निघून गेलं. "मग त्यात वाईट काय झालं?"

"आई, तिथं तरी मला डॉक्टर नको होता गं."

कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायला कुणी उठलं नाही. मग शरणम्माच उठली.

"कधी दिला गुच्छ?" मनस्विनीनं विचारलं. आवाज रडवेला होता.

"जमीन हालली त्या दिवशी. समदी घरं बघितली. कुणालाच काय झालं नव्हतं. मंग वाटलं, कुणाचा तरी सत्कार करावा."

मनस्विनीनं फोन खाली ठेवला. किल्लारी, पत्र्याचं शेड, यातलं फारसं कधी तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण मावशी त्या बाजूच्या, हे ठाऊक होतं. "मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "भूकंप येणार हे मला माहीत होतं. घाबरलात?"

"घाबरले की. रातच्या डब्याची पोळी जळली."

मनस्विनीनं डोळे पुसले आणि तिच्या शेजारी फरशीवर बसली. "कुठकुठल्या घरांत गेलात? दाखवा."

"म्हातारीपासनं," शरणम्मा म्हणाली, आणि दोघींची डोकी फोनवर वाकली.

प्रमोदिनीताई उभ्याच होत्या. किती प्रश्न बरोबर आले असतील, हे त्यांना काल संध्याकाळपासून पुन्हा एकदा विचारायचं होतं. ओट्यावर कणीक तिंबून पडली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, पदर खोचला आणि लाटणं उचललं. दहाबारा पोळ्या झाल्या.

"मनू," त्या तव्याकडं बघतच म्हणाल्या, "त्या डॉक्टरला नाही म्हणता येतं का गं?"

"येतं. पण मग गावातले लोक दोन आठवडे बोलत नाहीत."

प्रमोदिनीताईंनी पोळी उलटली.

"दोनच आठवडे ना?" त्या म्हणाल्या.