कुमुदताईंची दुपारची फेरी

कुमुदताई गेल्याचं मला पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. जवाहर चौकात भाजी घेत होते. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती, म्हणून वर सरकवून पाहिलं, तर त्यांचा फोटो. मी वांग्यांचे पैसे दिले आणि पिशवी तिथेच विसरून घरी आले. महिना होत आला त्याला. नातं म्हणावं तर काहीच नव्हतं. त्या सरकारी अधिकारी, मी एका मुलाची आई. त्यातही मधले दोन महिने मी त्यांच्याशी बोलत नव्हते...

माझा अभिजीत तेहतीस वर्षांचा आहे. बोलत नाही, स्वतःच्या हाताने जेवत नाही. हे गेल्यावर आणि माझे गुडघे धरल्यावर त्याला शहराबाहेरच्या एका निवासी संस्थेत ठेवावं लागलं. अशा संस्थांची तपासणी कुमुदताईंकडे होती. माहेर इंदूरचं, राहायला सरकारी बंगल्यांच्या चार इमलीत, आणि बोलणं इतकं मऊ की मला वाटलं, ही बाई काय कप्पाळ तपासणार! तपासणीची तारीख संस्थेला आधीच कळायची आणि लगेच आम्हा आयांना फोन यायचा, "भाभीजी, गुरुवार को इन्स्पेक्शन है, ज़रा अच्छी चादरें भिजवा दीजिएगा." मग आम्ही सगळ्याजणी घरच्या चादरी, टॉवेल इस्त्री करून पोचवायचो. संस्था बंद पडली तर मुलांना न्यायचं कुठे, ही एकच धास्ती. मी तर एकदा पडदेही शिवून दिले, आणि सगळं उत्तम आहे असं पत्र लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्याही गोळा केल्या. त्याच सुमारास मला अभिच्या मनगटावर वळ दिसला होता. राखीचा धागा घट्ट बसला असेल, असं संस्थेतले म्हणाले आणि मी मानलं. राखी होऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

त्या गुरुवारी कुमुदताई अभिच्या पलंगावर बसल्या, त्याच्याशी निवांत बोलल्या, बोलताबोलता चादरीवरून हात फिरवला. मग फाटकाशी मला एकटीला गाठून विचारलं, "चादरीला डांबरगोळ्यांचा वास येतोय. घरून आणलीत ना?" मी म्हटलं, "ताई, हे बंद झालं तर अभि जाईल कुठे?"

"बंद करायला मी येत नाही हो. तो कसा राहतो ते पाहायला येते. तेच तुम्ही मला पाहू देत नाही."

पुढच्याच आठवड्यात त्या कुणालाही न कळवता, भर दुपारी, जेवणाच्या वेळी तिथे गेल्या. एकवीस जण आणि त्यांना भरवायला एकटी सरोजदीदी. पाळी येईपर्यंत ताट सांडू नये म्हणून अभिचे हात ओढणीने पलंगाला बांधलेले. कुमुदताईंनी ते सोडले, त्याला स्वतः भरवलं, आणि मग पाहिलं तसं अहवालात लिहिलं. आमचं पत्रही त्याला जोडलं. संस्थेला नोटीस गेली. मी तणतणत त्यांच्या घरी पोचले. म्हटलं, तुम्ही लिहून मोकळ्या झालात, मुलगा माझा आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच सांगते, दुपारी जात जा. न कळवता." चहा न घेता मी उठले. रागापेक्षा लाज जास्त होती, हे आज कबूल करते.

संस्था बंद पडली नाही. भरवायला आणखी तीन बाया आल्या, बांधणं थांबलं, पालकांनी कधीही यावं असा कागद दारावर लागला. अभिची मनगटं स्वच्छ झाली. मग एके दिवशी कुमुदताईंचाच फोन आला. झाल्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही, नुसतं एवढंच, की अभि उजवीकडे चावत नाही, दाढ दाखवून घ्या. दाढ किडलेलीच निघाली. आई असून मला दिसलं नव्हतं ते. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. निवृत्त झाल्यावरही त्या मला अरेरा कॉलोनीतल्या माझ्या घरून गाडीत घालून घेऊन जायच्या. वार ठरलेला नसायचा. "चला, जेवणं सुरू झाली असतील," एवढंच फोनवर. आत गेल्यावर त्या कपाटं उघडत नसत, कागद मागत नसत. दाराशी थोडं उभं राहायचं आणि आपल्याला पाहून कोण दचकतं ते बघायचं, ही त्यांची पद्धत. पुढे आजारपणात उठवेना, तेव्हा मला पाठवायच्या आणि संध्याकाळी खोदून खोदून विचारायच्या.

आता विचारणारं कोणी नाही. तरी परवा साडेबाराला मला घरात बसवेना... रिक्षा करून गेले. सरोजदीदी अभिला खिचडी भरवत होती. मी दाराशी उभी राहिले. तिने मान वर करून पाहिलं, "आइए" म्हणाली आणि अभिचं तोंड रिकामं व्हायची वाट पाहत घास हातात धरून बसली. तिला कसलीच घाई नव्हती.