जयराजचं एकट्याचं गाणं

जयराजला बेचाळीस पूर्ण झाली त्या आठवड्यात त्याने माझ्या खोलीतला पलंग उचलून बाहेर सोप्यात ठेवला. विचारलं नाही. "आण्णा, महिनाभर खोली लागंल. गाणं करतोय," एवढंच म्हणाला. डिसेंबर चालू होता आणि आमच्याकडे कोयनेवरून वारं येतं. मी शाल घेतली आणि सोप्यात झोपलो.

जयराज माझ्या थोरल्या भावाचा, आकारामचा मुलगा. आकाराम पलटणीतून हवालदार होऊन आला आणि सात वर्षांपूर्वी गेला. घरात आता साळूबाई वहिनी, जयराज, त्याची बायको क्रांती आणि मी. गाव कराडहून पाटणला जाणाऱ्या रस्त्याला. मी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं केली, त्यामुळे माझं लिहिणं पावत्यांपुरतं. वाचनालयाच्या अंकासाठी जयराजवर दोन पानं द्या म्हणाले तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. मला कधीच येत नाही. पुढे जो घोळ झाला त्यातला निम्मा त्यामुळेच झाला.

जयराज रॅप करतो. म्हणजे गातो असं नाही, बोलतो. पण तालावर आणि अशा वेगात की माझ्यासारख्याला तिसऱ्या ओळीला दम लागतो. कराडच्या कॉलेजात असताना त्याला सांगलीचा पृथ्वीराज भेटला. दोघांनी 'संगम टोळी' काढली. वीस वर्षांपूर्वी मराठीत असलं काही कुणी करत नव्हतं, तेव्हा या दोघांना सांगली, इचलकरंजी, पुण्यापर्यंत बोलावत. शब्द सगळे जयराजचे. पृथ्वीराज दिसायला देखणा, तो पुढे. जयराज त्याच्या खांद्यामागे उभा राहून ओळींची शेपटं, म्हणजे शेवटचे शब्द, धरायचा. सहा वर्षं असं चाललं. मग पृथ्वीराज नोकरीसाठी दुबईला गेला आणि जयराज घरी आला. त्याने ऊसरोपांची नर्सरी टाकली. आजही लोक त्याला ओळखतात ते 'पृथ्वीराजबरोबरचा दुसरा' म्हणून. हे त्याला फार लागायचं, पण तो बोलायचा नाही. एकदाच, रोपांचे ट्रे भरताना म्हणाला, "आण्णा, मरायच्या आधी एक गाणं माझ्या एकट्याचं झालं पायजे. मागं म्होरं कुणी न्हाई असं."

मी "करशील की" म्हणालो. तेव्हा मला माझ्या पलंगाचं काय होणार ते माहीत नव्हतं.

तर खोली. भिंती दगडी, खिडकी एकच, म्हणून ती निवडली. पण आवाज घुमतो म्हणाला. शहरात भिंतींना कसला तरी स्पंज लावतात. जयराजने वहिनींच्या वाकळा लावल्या. वहिनींनी जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या शिवलेल्या, एकेक चार-पाच किलोची. घरात होत्या तेवढ्या सगळ्या, अकरा. खिळे ठोकून भिंतीला टांगल्या. एक दाराला. एक टेबलावर तंबूसारखी, त्याच्याखाली लॅपटॉप आणि माईक, आणि स्वतः आत मान घालून बसायचा. आम्ही सगळे रात्री चादरीत.

क्रांती म्हणाली, "नर्सरीतली शेडनेट लावा की."

"तेनं आवाज आडत न्हाई."

"आन् थंडी?"

जयराज आत गेला आणि दार लावलं.

हे एक महिना चाललं. दुपारी शेतावरून आलेली माणसं जेवून पडली की हा सुरू करायचा. दोन ओळी झाल्या की रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जायचा, त्याच्या टपावर गाण्याच्या स्पीकरचे चार-चार बॉक्स, आतलं सगळं थरथरायचं. परत पहिल्यापासून. पंप चालू झाला की परत. शेजारच्या म्हशीने हंबरडा फोडला की परत. तिसरं कडवं त्याने एका दमात म्हणायचं असं लिहिलेलं होतं आणि त्याचा दम कायम सातव्या ओळीला तुटायचा. मी म्हणालो, "मधी थांब की." तर म्हणाला, "थांबायचं असतं तर तसं लिव्हलं असतं." पंचवीस वर्षांचा असताना लिहिलं असतंस तर ठीक होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

गाण्यातल्या दोन ओळी मला पाठ झाल्या, नाइलाजाने:

काट्यावर ऊस मोजला, मला कुणी मोजलं न्हाई,
मागं उभं केलं, म्होरं कुणी नेलं न्हाई.

काटा आपल्या घरचाच विषय, म्हणून मला ते जरा लागलं. पण मी कोण विचारणारा.

जानेवारीत एका दुपारी वहिनी तणतणत आल्या. तीन रात्री त्यांना झोप नव्हती. दार ढकललं, दारावरची वाकळ अंगावर आली, ती तशीच हातात धरून त्यांनी सुरुवात केली. मी सोप्यात बसून ऐकत होतो.

"आरं जया, माझ्या वाकळा भिंतीला आन् मी गारठ्यात! भिंतीला थंडी वाजतीया व्हय रं? भिंतीला? काढ त्या! बेचाळीस वर्साचा घोडा झाला आन् कोंडून घिऊन बडबडतोय!"

जयराज म्हणाला, "आई, रेकॉर्डिंग चालू हाय."

"मग कर की रेकाड! सगळ्यांस्नी कळू दे!"

सगळ्यांना कळलंच. त्याच वेळी धनाजी ट्रॅक्टर घेऊन आमच्या फडातला ऊस भरायला आला होता. धनाजी आमच्याच आळीतला, त्याच्या बॉक्सचा आवाज पाटणपर्यंत सगळ्यांत मोठा. जयराजने त्याला आधी सांगून ठेवलं होतं की गाणं झालं की तुझ्या बॉक्सवर वाजवून बघू, खालचा ठेका ऐकू येतोय का. इथे सगळे तेच करतात. ट्रॅक्टरवर वाजलं तर गाणं, नाहीतर नाही. मागे दोन गाड्या खोळंबलेल्या, धनाजी चालू इंजिनावरून ओरडतोय, "आवं जयराजदादा, पेनड्राइव्ह द्या लवकर!" आणि जयराजने आई गेल्याबरोबर गडबडीत जे शेवटचं उतरलं होतं तेच न ऐकता पेनड्राइव्हवर टाकलं आणि पळत नेऊन दिलं. पहिली दोन कडवी बरोबर, आणि तिसऱ्याच्या जागी साळूबाई. खाली ठेका तसाच चालू.

कारखान्याच्या तळावर गाड्या नंबरात सात-आठ तास उभ्या असतात. तिथे धनाजीने ते वाजवलं. 'भिंतीला थंडी वाजतीया व्हय रं' हे ठेक्यावर असं काही बसलं होतं की ड्रायव्हर लोकांनी परत परत लावायला सांगितलं. पेनड्राइव्ह या ट्रॅक्टरमधून त्या ट्रॅक्टरमध्ये गेला. आठ दिवसांत इस्लामपूर, आष्टा, सांगलीपर्यंत रस्त्यावर वहिनी ओरडत जाऊ लागल्या. मग मोबाईलवर आलं. शाळेतली पोरं आमच्या दारावरून जाताना एक जण "भिंतीला?" म्हणायचा आणि बाकीचे "व्हय रं!"

वहिनी पहिले दोन दिवस लाजेने घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजारातून आल्या त्या हसतच. "आवं भावजी, भाजीवालीनं जुडीभर कोथमीर तशीच दिली. म्हणली, एकदा म्हणून दावा."

"म्हणलं का मग?"

"मग काय? कोथमीर परत देऊ व्हय?"

जयराज त्या रात्री जेवला नाही. सकाळी नर्सरीत मी त्याला म्हणालो, लोक ऐकतात हे बरंच आहे की. त्याने हातातला ट्रे खाली ठेवला. "आण्णा, सहा वर्सं पृथ्वीच्या मागं उभा ऱ्हायलो. आता आईच्या मागं उभा ऱ्हाऊ?"

माणसाला आईचं कौतुक झालेलं सोसत नाही म्हणजे काय, असं मला वाटलं. पण तो चुकीचं बोलत होता असंही नाही.

त्याने तिसरं कडवं परत म्हटलं. आणखी बारा दिवस. वाकळा अर्ध्याच मिळाल्या, वहिनींनी पाच काढून नेल्या होत्या. शेवटी दम पुरला. पूर्ण गाणं, फक्त त्याचं, त्याने मोबाईलवर सगळीकडे टाकलं. आठवडाभरात तीनशेवर माणसांनी ऐकलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी खाली विचारलं, म्हातारी कुठाय?

तेवढ्यात गावची यात्रा आली. यात्रा कमिटीचे नानासो माझ्याकडे आले. जयराजकडे नाही, माझ्याकडे. त्यांना माझा स्वभाव माहीत. चहा घेतला आणि म्हणाले, "आण्णा, कुस्त्यांच्या आधी चार वाजता गाणं ठेवतोय. पण वहिनी स्टेजवर पायजेत. तेवढं तुमी जमवा."

"जयराजला विचारायला पायजे," मी म्हणालो.

"तुमी चुलतं हाय का कोण? तुमी सांगितलं की झालं."

"बघतो," मी म्हणालो.

बघतो म्हणजे बघतो. पण दोन दिवसांनी वेशीवर फ्लेक्स लागला. मधोमध वहिनी, हातात वाकळ, कुणीतरी आमच्या सोप्यात येऊन फोटो काढून नेला होता. वर लिहिलेलं, 'भिंतीला थंडी वाजतीया फेम साळूबाई'. खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढा जयराज, आणि 'सोबत जयराज'.

तो फ्लेक्ससमोर किती वेळ उभा होता माहीत नाही. घरी आला तो सरळ माझ्यासमोर. "तुमी हो म्हणला?"

"मी बघतो म्हणलो."

"आण्णा, नानासोला बघतो म्हणलं की त्यो छापूनच आणतोय. हयात गेली तुमची, अजून कळंना?"

खरं तर मला त्याचा राग आला. खोली गेली, झोप गेली, वर हे. आणि राग आल्यावर मी जे करतो तेच केलं, बूट घालून बाहेर गेलो.

यात्रेच्या दिवशी वहिनींनी नवं इरकल नेसलं. क्रांतीने अंबाडा घालून दिला. दुपारी तीन वाजता जयराज येऊन त्यांच्यासमोर बसला. मी दारात होतो. तो जे सांगायला आला होता ते आदल्या दिवशी मीच सांगायला हवं होतं, फ्लेक्स माझ्यामुळे लागला होता.

"आई, तू स्टेजवर येऊ नगंस."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. "का? मी काय वाईट दिसतीया?"

"मी एकटा म्हणणार हाय."

"आरं, लोकं माझ्यापायी येत्यात. तुझं कोण ऐकतंय?"

"व्हय," जयराज म्हणाला. "म्हणूनच."

वहिनींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "येत न्हाई. पण नेसलेलं सोडणार न्हाई. बायकांत बसंन." आणि चप्पल घालून पुढे निघून गेल्या.

चार वाजता माणसं चांगलीच जमली. कुस्त्यांना पाटण, कराड, वाळव्याकडचे पैलवान आलेले, ते अंगाला तेल लावून कडेला बसले होते. जयराज एकटाच वर चढला. काळा शर्ट, पोट जरा पुढे आलेलं. मला उगाचच लाज वाटली. त्याने सुरू केलं तोच ट्रॅक्टरवाल्यांच्या घोळक्यातून ओरडा आला, "म्हातारीला आणा!" मग पोरांनी सुरू केलं, "भिंतीला! भिंतीला!" जयराज थांबला नाही. पहिलं कडवं कुणाला ऐकू गेलं नसेल. दुसऱ्याला लोक उठू लागले, कुस्तीच्या हौद्याच्या कडेची जागा धरायला.

नानासो लाल होऊन माझ्याकडे आले. "आण्णा, काय चाललंय हे? वहिनी हितंच बसल्यात, माईक पाठवतो." आणि खरंच एका माणसाच्या हातून बिनवायरचा माईक बायकांच्यात पाठवला. बायका हसून वहिनींना कोपरानं ढोसत होत्या.

त्याच वेळी वर तिसऱ्या कडव्यात, सातव्या ओळीला, जयराजचा दम तुटला. चांगला भर गर्दीत. घोळक्यातून शिट्टी आली. मला वाटलं, आता उतरेल. उतरावं असंच वाटत होतं. त्याने हात करून ठेका बंद करायला लावला. घाम पुसला. "परत म्हणतो," म्हणाला, जसा काही माझ्या खोलीतच बसलाय.

वहिनींच्या हातात माईक होता. त्यांनी तो मांडीवर आडवा ठेवला. माईक चालू होता, त्यामुळे शेजारणीला जे म्हणाल्या ते सगळ्यांना ऐकू आलं. "थांब गं. चुकलाय त्यो. त्याचं होऊ दे."

लोक हसले आणि मग जरा गप्प झाले. जयराजने आईकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही, मी खाली बघत होतो. ठेक्याशिवाय त्याने तिसरं कडवं पहिल्यापासून घेतलं. सातवी ओळ गेली. आठवी गेली. बारावीपर्यंत त्याचा आवाज पार बसत आला होता, शेवटचे दोन शब्द कुजबुजल्यासारखे आले, पण आले.

तोपर्यंत निम्मी माणसं हौद्याकडे गेली होती. उरलेल्यांतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. हलगी सुरूही झाली.

जयराज पायऱ्या उतरत होता. कडेला बसलेला पाटणचा एक पैलवान, विशीतला, लंगोटावर टॉवेल टाकून उठला आणि त्याच्यासमोर आला. त्याला संगम टोळी माहीत असायचं वय नव्हतं.

"दादा, ह्ये कुणाचं गाणं?"

"माझं."

"आन् संगं कोण हाय ह्यात?"

"कुणी न्हाई," जयराज म्हणाला.

"तिसरं लय भारी हाय," पैलवान म्हणाला. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं, आणि तो टॉवेल जयराजच्या हातात देऊन हौद्याकडे पळाला. जयराज टॉवेल धरून तिथेच उभा राहिला. नानासो मागून ओरडत होते, आवं बाजूला व्हा, कुस्ती दिसंना. मी त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतला. माझ्याशी तो अजून नीट बोलत नव्हता, फ्लेक्सवरून. पण हात सोडवून घेतला नाही.