येळकोट म्हटल्याशिवाय

माझा बाप हिंदुराव, आम्ही त्याला आबा म्हणायचो. पेशवाईतली गोष्ट. भांबुर्ड्यात आमचं घर आणि हाकेच्या अंतरावर, संगमापाशी, गोऱ्या साहेबांचे बंगले. त्यातल्या एका साहेबाची दोन शिकारी कुत्री आबा सांभाळायचे. आम्ही घरात कण्या खायचो, आणि ती कुत्री मटण! मला त्यांचा भारी राग यायचा. खरं सांगते, अजून येतो.

आबांनी त्यांना एक वळण लावलं होतं. कुत्रं खंडोबाचं, म्हणून पुढ्यात ताट आलं तरी "येळकोट" म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही. तेही आबांनीच म्हणायला हवं. कुणी विष घालू नये म्हणून ही काळजी. दुसऱ्या कुणी घसा फोडला तरी कुत्री ढिम्म. आबांना त्याचा केवढा तोरा! "माझी लेकरं हायती ती," म्हणायचे. मग आम्ही कोण होतो?

पुढं साहेब विलायतेला परत निघाला. कुत्री बरोबर न्यायची ठरली, आणि तेव्हा कुठं आबांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. जहाजावर ती खाणार कुणाच्या हातचं? साहेब म्हणाला, "तूही चल." माझी आई सरुबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. माझ्याकडे हात करून म्हणाली, "दर्या ओलांडलात तर भावकी आपल्याला पाणी पाजायची न्हाई. ह्या शकूला सून कोण करून घेईल? जावा, खुशाल जावा."

आबा पनवेलच्या बंदरापर्यंतच गेले. वाटभर साहेबाच्या नोकराला शिकवलं. आबांनी स्वतः म्हणायचं नाही असं ठरलं; त्यानं "येळकोट" म्हणावं आणि कुत्र्यांनी आबांकडे बघत बसावं. आबा झाडामागं लपले तरी त्यांना वास लागायचाच. बंदर येईतो दोन्ही कुत्र्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. शेवटी नोकर वैतागला. "बाबा, तू इथं आहेस तोवर ही खायची नाहीत."

आबांना ते पटलं. त्यांनी पाठ फिरवली आणि घाटाची वाट धरली. मागून भुंकणं येत होतं. एक हाक मारली असती तर दोर तोडून आली असती, म्हणायचे. नाही मारली.

ती जगली की उपाशी मेली, कधी कळलं नाही. बंदराकडून येणाऱ्या प्रत्येक बैलवाल्याला आबा विचारायचे. पेठेतले लोक म्हणायचे, "हिंदुराव, विलायत काय वाघोलीच्या पुढं आहे?" माझं लग्न चांगल्या घरी झालं. मांडवातही आबा बैलवाल्यांनाच विचारत होते.

म्हातारपणी त्यांनी अंथरूण धरलं आणि अन्न सोडलं. मी माहेरी आले. पेजेची वाटी ओठाला लावली की दात आवळून घ्यायचे. आईनं विनवलं, मी चिडले, रडले. मग मला काय सुचलं कोण जाणे. वाटी त्यांच्यापुढं धरली आणि कानाशी म्हटलं, "येळकोट."

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिले आणि मग तोंड उघडलं. घोट गिळून म्हणाले, "मंग त्यांनीबी खाल्लं आसंल गं, शके."