भरल्या टँकरचा चढ

जुन्या गाडीला वेग हवा असेल, तर त्या वेगाची जोखीम कोणी सोसायची? गिअर ऑइलचा उग्र वास आला की मला नेकनूरजवळचा तो चढ आठवतो. चुलत्यांनी हायवेवर पळायला म्हणून जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचे गिअर बदलून घेतले होते; त्यानं वेग वाढला, पण ओढ कमी झाली, आणि वस्तीच्या पाण्याचा भरलेला टँकर त्याच जीपला जोडला होता. अर्ध्या चढावर इंजिन गुरगुरून बंद पडलं. ब्रेक धरेना, टँकर मागं सरकू लागला, आणि मागं तर बाया हंडे घेऊन चालत होत्या. "बाजूला व्हा गं!" ओरडत त्या बायांतल्याच माझ्या काकूनं चाकाखाली दगड सारला. टँकर तिच्या पायापाशी थांबला. घामानं निथळत चुलते उतरले. "जुन्या गिअरवर जीप लई हळू पळती," ते पुटपुटले. "पळून कुठं जायचंय, पुढाऱ्यांच्या सभंला? पानी वस्तीवर लागतंय!" काकू कडाडली. चुलते म्हणाले, "जुनेच बसवतो. पळायला येगळा ओव्हरड्राइव्ह घेऊ, म्हंजी वेगाचा जादा गिअर, मोकळ्या रस्त्यापुरता." आज ती जीप मी चालवतो, त्या चढावर ओव्हरड्राइव्हला हात लावत नाही. तुम्हीही गाडीचे गिअर निवडण्याआधी खाली उतरा आणि तिच्या मागं चालणाऱ्यांना विचारा.