राखेचं खळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, पोरांला न्हाई. एकदा देवळात बसून देवाला तरी सांगावं म्हणलं, तर तिथंबी जीभ उचलंना. मग तुमाला का सांगायलोय? तुमी ना मपले सोयरे, ना गावातले — म्हणून आसंल.

मी गवंडी हाय. पेडगावातली निम्मी घरं मपल्या हातची. बढाई म्हणून न्हाई सांगत… न्हाई, बढाईच हाय ती. खोटं बोलायचं तेवढं बोलून झालंय, आता कशाला?

नामदेव मपला साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा, छायाचा, नवरा. दरसाल दिवाळी झाली की दोघं नवरा-बायको कोयते घेऊन ऊसतोडीला जायची. तवर मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट कीव यायची. आन् दुसऱ्याची कीव करायला माणसाला बरं वाटतं — न्हाई का?

मग एका साली नामदेव गंगाखेडाकडं एका साखर कारखान्यावर राख उचलायच्या कामाला लागला. बॉयलरात उसाचं चिपाड जाळून उरलेली राख, तिचे ढीगच्या ढीग. कॉलेजातल्या एक मॅडम ती राख तपासायला न्यायच्या. त्यांच्या हाताखाली हा पठ्ठ्या राख चाळायला, मोजायला, काँक्रीटात घालायला शिकला. जिथं पाच घमेली सिमेंट लागतं तिथं चार घालायचं, पाचवं घमेलं बारीक चाळलेल्या राखेचं. सिमेंट वाचतं आन् काम तितकंच पक्कं. मी पहिल्यांदा ऐकलं तवा पोट धरून हसलो. राखेनं भांडी घासत्यात, म्हणलं, घरं बांधत न्हाईत.

हसू किती दिवस टिकलं? धोंड्याच्या महिन्यापर्यंत. सासऱ्यानं दोघा जावयांला धोंडे खायला बोलावलं. थोरला मी, पण पहिला पाट नामदेवाला. सासरे त्यालाच विचारायलेत — राख काळी पायजे का करडी, कशी चाळायची, कशी ठिवायची. आन् मला काय विचारलं? भात वाढू का. सासऱ्यानं त्याला दोनदा 'मिस्त्री' म्हणलं. मी वीस वर्सं थापी धरलेला माणूस, मला त्या घरात कुणी कधी मिस्त्री म्हणलं नव्हतं. येताना बायको म्हणली, आमच्या छायानं नशीब काढलं. धोंडे पचले, तेवढं वाक्य न्हाई पचलं.

त्याच्या पुढल्या चैतात गावच्या बचत गटानं सोयाबीन वाळवायला काँक्रीटचं खळं करायचं ठरवलं. मला वाटलं, मलाच बोलावतील. बायांनी नामदेवाला बोलावलं. राखेचं काम बघायचं होतं त्यांला. हे खळं नीट जमलं तर गावातली पुढली सगळी कामं त्यालाच, असं ठरलं. छाया तर इतकी हरकली की कोयता भावकीतल्या एका बाईला देऊनच टाकला. आता पुन्यांदा हातात धरायची न्हाई, म्हणली.

काम चालू असताना मी रोज जाऊन उभा राहायचो. खोट काढायला. लेव्हल बघितली, गिट्टी बघितली, माल बघितला. एक खोट सापडंल तर शपथ. त्यानंबी लय राग आला.

खळं मपल्या घराच्या मागंच. नामदेवाला कारखान्यावर परत जायचं होतं, म्हणून जाताना मला म्हणला, "साडूभाऊ, राखेचं काँक्रीट उशिरा धरतं. इक्कीस दिस वाळू द्यायचं न्हाई. तुमच्याबिगर कुणावर भरवसा न्हाई माझा."

हे आतापत्तोर फिरवून फिरवून बोललो. आता काय राहिलं?

पहिले चार दिवस मी इमानानं पाणी मारलं. बारदान टाकून भिजवलं. पाचव्या दिवशी पारावरच्या एकानं आवाज दिला — नामदेव मिस्त्रीनं पाणक्या बरा ठेवलाय! सगळे हसले. मीबी हसलो. मग पाइप गुंडाळला.

त्या दिवसापासून… मी पाणी मारलं न्हाई. न्हाई म्हणजे, मारलं — संध्याकाळी, लोकं पारावर येऊन बसली की. वरवर, दिसण्यापुरतं. सकाळी बारदान काढून ठिवायचो, कुजतंय म्हणून. वर चैताचं ऊन. काँक्रीट तहानेलं राहिलं की पांढरंफक पडतं, हे गवंड्याला सांगावं लागतं का? मी मागच्या दारात बसून बघायचो. वाईट वाटायचं का? न्हाई. बरं वाटायचं. तेच तर सांगायलोय.

तिसऱ्या आठवड्यात चिरा पडल्या. खराटा फिरवला की भुकटी निघायली. नामदेव आला, उकिडवा बसला, चिरेतून बोट फिरवलं. गटाच्या बाया भोवती उभ्या. त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "पाणी बराबर पडलं ना, साडूभाऊ?"

"एक दिस चुकला न्हाई," मी म्हणलो.

त्यानं परत विचारलं न्हाई. माझ्यावर शक घ्यायचं त्याच्या डोक्यातबी आलं न्हाई. बायांला म्हणला, राख कच्ची जळलेली आसंल, चूक मपलीच. पारावरची म्हणली, राख ती राखच. पुढलं काम मला मिळालं. त्यानं कारखान्यावर जायचंबी सोडलं, मॅडमला तोंड कसं दाखवू म्हणायचा. दिवाळी झाली आन् दोघं परत ट्रॅक्टरवर चढली. छायाच्या हातात नवा कोयता होता. मी त्यांला सोडायला गेलतो, गाठोडं वर चढवून दिलं.

आजून संपलं न्हाई. संपलं असतं तर बरं झालं असतं.

खळ्याच्या कामातून उरलेली दोन पोती राख माझ्याच कोठ्यात पडून होती. गेल्या साली मी घराला पडवी काढली. तीच राख घातली, त्याच्याच मापानं — चार सिमेंट, एक राख. का घातली? मला बघायचं होतं. त्याचं खरं होतं का, तेवढंच. सव्वा महिना पाणी मारलं, सकाळ, दुपार, संध्याकाळ. असं पाणी मी कुणाच्याच कामाला मारलं न्हाई.

सीझन संपवून नामदेव आन् छाया भेटायला आली. वाळून काळी पडलेली दोघं. नामदेव पडवीत बसला, जमिनीवरून तळवा फिरवला, बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. जुनी खोड.

"काय घातलं ह्यात?" म्हणला.

"निव्वळ सिमेंट," मी म्हणलो.

"तरीच," तो म्हणला. मग छायाकडं बघून हसला. "बघ, मी म्हणत होतो ना तुला? राखेत दम नव्हताच."

 छायाच्या पायाखाली तीच राख होती, आन् जमिनीला एक चीर नव्हती.