दामूकाकांचे पाय

पेणला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी ईसीजी काढायचे. दामूकाका पहिल्यांदा आले तेव्हा आडवे होण्याआधी त्यांनी खाटेच्या लोखंडी पायाला टिचकी मारली, कान दिला आणि म्हणाले, “हा नट ढिला हाय गो पोरी. एखादा पेशंट पडंल.” खिशातला पाना काढून त्यांनी तो आवळला, मगच झोपले.

दामूकाका जिते गावचे, रेल्वेत कीमन. खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रुळाला पकडून ठेवणारी लोखंडी चावी सुटली असेल तर ठोकून घट्ट करायची, हे त्यांचं काम. माणूस उंच, काटक. लोखंड दिसलं की हात लावल्याशिवाय पुढे जायचा नाही. बोलताना मात्र नेहमी दुसरीकडे बघायचा.

त्या दिवशी त्यांना काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बळेच आणलं होतं. चाललं की डावी पोटरी आवळून यायची, थांबलं की सुटायची. मी छातीला तारा लावू लागले तसे ते चिडलेच. “दुखतंय पायात आणि तू छाती काय बघतेस?”

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी उजेडाकडे धरली. हृदयाची डावी भिंत जाड झाली होती, आणि एक जुना झटका कधीतरी येऊन गेल्याच्या खुणा होत्या. दामूकाकांना त्याचा पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली आणि त्यांच्या डाव्या पावलावर बोटं टेकली. बराच वेळ ते नाडी शोधत राहिले. मग दंडाला बांधलेला ब्लडप्रेशरचा पट्टा सोडवून तोच घोट्याला गुंडाळला. घोट्याचं प्रेशर दंडाच्या निम्म्यावर होतं.

“दामू, पायाची रक्तवाहिनी तुंबलीय. हृदयाची अशी पट्टी दिसली की मी पाय बघतोच. दोन्हीकडे एकच गंज चढतो,” डॉक्टर म्हणाले. “बिडी आजपासून बंद. मुंबईला जाऊन तपासणी कर. आणि साहेबांना सांगून बसायचं काम घे.”

“बसायचं काम म्हणजे ऑफिसात पाणी द्यायचं,” दामूकाका म्हणाले. “त्यापेक्षा दुखू दे.”

ते मुंबईला गेले नाहीत. बिडी सोडली, पुन्हा धरली. औषधं न्यायला आले की माझ्यापाशी बसत. एकदा हसत हसत म्हणाले, “मुकादम सगळ्यांना सांगतो, दामूसारखं बारकाईनं कुणी बघत नाय, जागोजागी बसून रूळ तपासतो. मी बसतो ती पोटरी सुटायची वाट बघत गो.”

मी हसले नाही. “काका, साहेबांना खरं सांगा.”

“बावीस वर्सं चाललो त्या रुळावर. आता पाय नाय म्हणून सांगू?”

पावसाळ्यात रुळाकडेची खडी त्यांच्या अंगठ्याला लागली. एवढीशी जखम, पण भरेना. अंगठा काळा पडला तेव्हा काकी त्यांना रिक्षात घालून घेऊन आल्या. मी पुन्हा ईसीजी काढला. पट्टी पहिल्यापेक्षा वाईट होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी मुंबईला पाठवलं. तिथल्या सर्जनने सांगितलं, रक्तवाहिनीला दुसरी वाट करून देता आली असती, पण एवढं मोठं ऑपरेशन हे हृदय सोसणार नाही. डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

त्यानंतर दामूकाका घरातल्या खाटेवरच राहिले. कुबड्या आणल्या होत्या, त्या त्यांनी भिंतीकडे ढकलून दिल्या. काही महिन्यांनी छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात यायला तयार होईनात, म्हणून डॉक्टर आणि मी छोटं मशीन घेऊन जित्याला गेलो. डाव्या पायाची तार कुठे लावायची म्हणून माझा हात क्षणभर थांबला, मग उरलेल्या मांडीवर चिकटवली.

“खाली लाव ना,” ते म्हणाले. “पाय तिथंच हाय. रोज दुखतो.”

पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती बघितली, घडी घातली आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. काकी खाटेच्या पायथ्याशी बसून उजव्या पायाला कोमट तेल चोळत होत्या. तळव्यापासून वर, हळूहळू, जीव लावून. ते पाऊल मेणासारखं पांढरं होतं. मी तार काढताना हात लागला, तर गार.

काकी चहा टाकायला आत गेल्या. दामूकाकांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

“तिला सांगू नको गो पोरी,” ते म्हणाले. “दोनदा चोळते दिवसातून. तिचा हात मला कळतच नाय.”

पंधरवड्याच्या आत ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकी ओट्यावर बसल्या होत्या, पदर डोक्यावरून ओढून. आपल्या तळहातांकडे बघत म्हणाल्या, “औषधानं काय फरक पडला नाय गो. पण माझ्या हातानं त्यांना आराम पडायचा. नाय?”

“व्हय, काकी,” मी म्हटलं.