उलटे सर आणि दोन नळ्या

आमच्या ह्यांना विद्यार्थी पाठीमागे 'उलटे सर' म्हणतात, आणि ते उगीच नाही. हे केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. प्रथिनांचे बारीक तुकडे पाण्यात सोडायचे आणि त्यात माणसाच्या लघवीचा थेंब टाकायचा, हा ह्यांचा उद्योग. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर ते तुकडे आपण होऊन एकमेकांना धरतात, पाणी घट्ट होतं आणि नळी उलटी केली तरी पडत नाही. पडलं, तर माणूस ठणठणीत. सासूबाईंचा मूत्रपिंडाचा आजार फार उशिरा कळला, तेव्हापासून ह्यांनी हे खूळ घेतलंय.

पथ्य एकच. घट्ट होईपर्यंत नळीला हात लावायचा नाही. नेमकं तेच ह्यांना जमत नाही! झालं का, झालं का करत नळी तिरपी करतात आणि जुळत आलेलं सगळं विस्कटतं. घरातही तीच तऱ्हा. शाम्पू, डिंक, जॅमची बरणी, काही म्हणून सरळ राहू देत नाहीत. ओटा पुसायला मी आहेच.

एक दिवस मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई चाचणी बघायला आल्या. जमलं तर ती त्यांच्या वॉर्डात जाणार, फसलं तर प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या विभागाला. एक नळी पेशंटची, दुसरी धडधाकट माणसाची. धडधाकट म्हणजे मी. म्हटलं, लग्नात सगळं दिलं, एवढंच द्यायचं राहिलं होतं.

नळ्या लावल्या आणि ह्यांचे हात वळवळायला लागले. मी शेजारी बसून दोन्ही हात गच्च धरले. डॉक्टरीणबाई कौतुकाने बघत होत्या, या वयातही केवढं प्रेम म्हणून. कसलं प्रेम, चोर धरला होता मी. तरी एक हात निसटलाच, आणि निघाला थेट माझ्या नळीकडे.

"हात लावाल तर याद राखा," मी म्हटलं.

वेळ झाली तशी मी पकड सोडली. डॉक्टरीणबाईंनी पेशंटची नळी उलटी केली. थेंबही पडला नाही. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोली वाचली होती, पण हे तिकडे ढुंकूनही बघेनात. ह्यांनी माझी नळी उचलली आणि पार उलटी केली. सगळं ह्यांच्या नव्या पँटवर.

"पडलं," हे म्हणाले. "पडलं गं सगळं." आणि चारचौघांत डोळे पुसायला लागले.

पँट मी धुतली. ओट्यावर जॅमची बरणी उलटी होती, ती तशीच राहू दिली.